व्हॉल्व्ह अँप करायचाय? आधी हे सगळं टेबलावर येऊ दे

जुन्या रेडिओच्या सामानातून व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा) अँप म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर करायचा तर लोखंड आणि काच, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह, तेवढी जुनी घ्यायची, बाकी सगळं नवीन, कारण ते ६० वर्षांनीही चालतात पण कपॅसिटर केव्हाच गेलेले असतात. चालू रेडिओ फोडू नका राव, पुण्यात जुन्या बाजारात नाहीतर मुंबईत चोरबाजारात वाळवीने कॅबिनेट खाल्लेला एखादा शोधा.

पैसे देण्याआधी मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ईसीएच८१, ईएल८४, ईझेड८० असं ई दिसलं तर हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.३ व्होल्टचे आणि आत बहुतेक मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेचा, ट्रान्सफॉर्मर असणार, म्हणजे आपल्या कामाचा. यूसीएल८२, यूवाय८५ असं यू दिसलं की सोडून द्या, त्यात हीटर सगळे सिरीजमध्ये (एकामागोमाग एक जोडलेले) असतात आणि चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असू शकते, तिला हात लावणं म्हणजे उघड्या वायरला हात लावणं. व्हॉल्व्हच्या काचेला आतून चंदेरी डाग हवा, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीये, काही उपयोग नाही.

मोनोसाठी एक ईएल८४ (स्पीकर चालवणारा), एक ईसीसी८३ (आधी सिग्नल वाढवणारा) आणि एक ईझेड८० (एसीचा डीसी करणारा) बास, तिघांचे हीटर मिळून १.६६ अँपिअर खातात. स्टिरिओचा मोह झाला तर ईझेड८० पुरत नाही, तो ९० मिलिअँपिअरच देऊ शकतो आणि दोन ईएल८४ शंभरच्या वर जातात, मग ईझेड८१ बघा.

व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाच खरा जीव आहे त्यामुळे तो नीट तपासून घ्या. सुटा काढून प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीला) ६.३ व्होल्ट एसी द्या आणि सेकंडरीला (स्पीकरकडच्या गुंडाळीला) मीटर लावा, साधारण ०.१७ ते ०.१८ आले तर ४ ओहमचा स्पीकर लावल्यावर व्हॉल्व्हला ५.२ किलोओहमचं लोड दिसेल, ईएल८४ ला तेच हवं असतं. आकडा पाव व्होल्टच्या आसपास असेल तर तिथे ८ ओहमचा स्पीकर लावायचा.

नवीन सामानात ४५० व्होल्टचे ४७ मायक्रोफॅरडचे दोन फिल्टर कपॅसिटर (ईझेड८० ला पहिला ५० च्या वर चालत नाही), कपलिंगला (एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्याला पोचवायला) ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर, ईएल८४ च्या कॅथोडला १५० ओहम २ वॅटचा रेझिस्टर, मग फ्यूज, तीन पिनची वायर, टॅगस्ट्रिप (सुटे भाग सोल्डर करायची पट्टी), सिरॅमिकचे नऊ पिनचे सॉकेट, लॅमिंग्टन रोडला एका चकरेत होतं. कपलिंगचा जुना कागदी कपॅसिटर ठेवायचा मोह टाळाच, तो लीक झाला की ईएल८४ च्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या पिनवर) डीसी जातो आणि प्लेट (काचेतला धातूचा पत्रा) लालभडक होते. शिवाय मेन फिल्टर कपॅसिटरवर २२० किलोओहम २ वॅटचा ब्लीडर (साठलेला चार्ज काढून टाकणारा) रेझिस्टर पाहिजेच, तो नसेल तर अँप बंद करून चहा पिऊन आलात तरी कपॅसिटर झटका द्यायला तयार बसलेला असतो. असला तरी मिनिटभर थांबा आणि मीटरने बघूनच हात घाला.

आणि हो, सिरीज बल्ब, म्हणजे अँपच्या मेन्सच्या वाटेत मध्येच जोडलेला बल्ब. ६० वॅटचा साधा फिलामेंटवाला, एलईडी नाही, होल्डर लाकडी फळीवर बसवून तयार ठेवा आणि पहिल्यांदा अँप त्याच्यातूनच लावा, बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच काढा, मंदावला तर ठीक. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, चासीला अर्थ दिल्याशिवाय तर नाहीच, मीटरची काळी क्लिप चासीला अडकवून एक हात खिशात ठेवा. मग बल्ब काढून थेट लावल्यावर ईएल८४ च्या कॅथोडला ७-८ व्होल्ट आणि ग्रिडला शून्य आलं की बिनधास्त मोबाईल जोडा आणि गाणं लावा.