लहान मुलांची शाळा सगळ्यांपर्यंत पोचवायची तर सुरुवात कुठून करायची
आधी ३ ते ६ वयाची कोणती मुलं येत नाहीत ते घरोघरी जाऊन बघा, आणि का येत नाहीत ते आईवडिलांनाच विचारा, कारण बऱ्याचदा अडचण फीची नसतेच, वेळेची असते, आई कामावर आणि शाळा दोन तासांत सुटते मग मूल आणणार कोण? मग या कामात साथ देणारे पार्टनर शोधा. लायब्ररीकडे जागा असते, लसीकरण करणाऱ्या नर्सला प्रत्येक घर माहीत असतं (ही सगळ्यात कामाची ओळख, खरंच). कोण काय देणार ते कागदावर लिहाच, तोंडी ठरलेलं टिकत नाही. आणि पालकांना मीटिंगला नुसतं बसवू नका, निर्णयात घ्या. दर महिन्याला हजेरी बघा, गळालेल्या मुलाच्या घरी त्याच आठवड्यात जा.