पैसे एकाचे, वाचणार दुसरा : कॉमिक्सच्या काउंटरवरची माझी तीन वर्षं

सोलापूरच्या नवी पेठेतल्या ज्या दुकानात मी कामाला लागले, ते निव्वळ कॉमिक्सचं दुकान नव्हतं. पुढच्या बाजूला वह्या, पेन, गाईड आणि आत गेलं की उजव्या हाताची अख्खी भिंत कॉमिक्सची. त्या भिंतीची जबाबदारी काकांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पहिल्याच आठवड्यात माझ्यावर टाकली. बी.कॉम.चं दुसरं वर्ष चालू होतं. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते रात्री नऊ दुकान. असं तीन वर्षं केलं. आता ओळखीतली काही पोरं अशाच कामाला लागतायत आणि "नेमकं काय करावं लागतं?" म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माल ओळखणं महिन्याभरात जमतं. अमर चित्र कथा अनंत पैंनी १९६७ साली सुरू केली आणि टिंकल १९८० साली. चाचा चौधरी प्राण यांचा, नागराज आणि ध्रुव राज कॉमिक्सचे, टिनटिनची पुस्तकं २४, त्यातलं शेवटचं अपुरं, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स वेगळ्या रॅकवर. एवढं डोक्यात बसलं की कपाट सांभाळता येतं. गिऱ्हाईक सांभाळायला मात्र मला वर्ष लागलं. कारण या धंद्यात बहुतेक वेळा गिऱ्हाईक एक नसतं, दोन असतात. पैसे देणारा एक, वाचणारा दुसरा. आणि दोघांना हवं असतं ते वेगळं.

आई म्हणते, "काहीतरी चांगलं दाखवा, संस्कार होतील असं." पोरगा तिच्या मागून नागराजकडे बघत असतो. नवीन माणूस हमखास आईशी बोलायला लागतो, कारण पाकीट तिच्या हातात. मीही तेच करायची. आई खूश होऊन शिवाजी महाराजांवरचं किंवा संतांवरचं पुस्तक घेऊन जायची आणि तो पोरगा पुन्हा कधी दिसायचा नाही. नंतर मी आधी पोराशी बोलायला लागले. "तुला काय आवडतं?" असं विचारू नका, पोरं लाजतात किंवा आईकडे बघतात. "शेवटचं काय वाचलंस?" असं विचारा. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं, मग ते शाळेच्या पुस्तकातला धडा का असेना. त्या उत्तरावरून दोन पुस्तकं काढायची, एक त्याच्या ओढीचं आणि एक आईच्या मनाजोगतं, आणि दोन्ही त्याच्या हातात द्यायची. बऱ्याचदा दोन्ही जातात.

पण पुस्तक हातात देण्याआधी आणखी एक प्रश्न आहे, तो मोठ्या माणसाला आणि हळू आवाजात: "किती पर्यंतचं बघू?" हा मी एका संध्याकाळी शिकले. अशोक चौकाच्या बाजूला युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कामाला असलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते, तिचा वाढदिवस होता. मी उत्साहात मांगाच्या तीन भागांचा संच काढून थेट मुलीच्या हातात दिला. तिचा चेहरा असा फुलला की विचारू नका. वडिलांनी मागची किंमत वाचली, खिशात हात घातला आणि नोटा आतल्या आतच मोजल्या. मग म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यात नेतो." मुलीने तो संच स्वतःच उचलून जागेवर ठेवला, कडा सरळ करून. त्या बाप-लेकीला त्या जागी आणलं ते मी. एक भाग जेमतेम चारशे-पाचशेच्या घरात, तो एकटा दाखवला असता तर ती हसत घरी गेली असती. तेव्हापासून आकडा कळल्याशिवाय मी कपाटाला हात लावला नाही.

मांगाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली : ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. इंग्रजी भाषांतरातही तीच पद्धत ठेवलेली असते. माझ्या पहिल्याच महिन्यात एक बाई पुस्तक परत घेऊन आल्या, "बांधणी उलटी झालीय, बदलून द्या." मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सॉरी म्हणून दुसरी प्रत दिली. दुसऱ्या दिवशी त्या तीही घेऊन आल्या. काकांनी दोन्ही प्रती काउंटरवर ठेवल्या, पान उघडलं आणि वरच्या उजव्या चौकटीपासून बोट फिरवून दाखवलं. बाईंचा मुलगा शेजारीच होता, त्याला ते एका मिनिटात जमलं. त्यानंतर पहिल्यांदा मांगा घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक पान बोट फिरवून दाखवायची, मगच पिशवीत घालायची. परत येणं तिथेच थांबलं.

दुसरी गोष्ट वयाची. "कार्टूनच आहे की ओ" असं म्हणून आई-वडील सात वर्षांच्या पोराला काहीही घेऊन देतात. बऱ्याच मांगांच्या मागच्या कव्हरवर बारीक अक्षरात वयोगट छापलेला असतो : सगळ्यांसाठी, किशोरवयीन, मोठे किशोर, प्रौढ. तो तुम्ही वाचा आणि पैसे देणाऱ्याला सांगा. विक्री जाईल, जाऊ द्या. एकदा एका मामांना मी सरळ सांगितलं, "यात मारामारी आणि रक्त भरपूर आहे, भाचा लहान आहे." ते टिंकल घेऊन गेले. पुढे दर सुट्टीला ते दारातूनच विचारायचे, "पोरगी आहे का ती? तिलाच दाखवू दे."

सोलापुरात काउंटरवर उभं राहायचं तर कान चार भाषांना तयार हवेत. मराठी तर आहेच. पूर्व भागातून येणाऱ्या पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या तोंडी कन्नड, आणि दखनी सगळीकडे. कुणी भाषा शिकून या असं म्हणत नाही. तेलुगूतलं "रंडी" आणि कन्नडमधलं "बर्री", दोन्हीचा अर्थ "या", एवढं आदराने म्हणता आलं तरी आजीबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. माझी एक फजिती इथे झाली. एक आजोबा 'चंदमामा' मागत होते, मी "आपल्याकडे नाही" म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागेच जुन्या 'चांदोबा'चा गठ्ठा होता. एकाच घरचं मासिक ते. १९४७ साली तेलुगू आणि तमीळमध्ये सुरू झालं, मराठीत 'चांदोबा' म्हणून १९५२ साली आलं. आमच्या गावात एकाच गल्लीत एका घरी ते तेलुगूत वाचलं गेलं आणि शेजारी मराठीत. म्हणून नाव ऐकून "नाही" म्हणण्याआधी विचारा : कुठल्या भाषेत वाचलं होतं? चित्र कसलं होतं?

आता जुन्या अंकांकडे येते, कारण माझा जीव तिथेच जास्त रमला. आमच्याकडे दोन पेट्या होत्या, इंद्रजाल कॉमिक्सच्या. १९६४ च्या मार्चमध्ये पहिला अंक निघाला, १९९० साली बंद झालं, आठशेहून जास्त अंक. आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक. वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. मराठीतले अंक इंग्रजीपेक्षा कमी हाती लागतात. हे अंक मागणारा माणूस पन्नाशी-साठीचा असतो, आणि इथे पैसे देणारा आणि वाचणारा एकच असतो. तरी मला वाटतं इथेही दोन गिऱ्हाइकं असतात, एक आत्ताचा आणि एक दहा वर्षांचा.

या पेट्यांच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली. नवीन माल आला की आम्ही किमतीची चिठ्ठी चिकटवायचो. मी एका दुपारी वेताळच्या सहा अंकांना कव्हरवरच चिठ्ठ्या लावल्या. आठवड्याने एक नेहमीचे संग्राहक आले. चिठ्ठी काढताना कव्हरचा रंग तिच्याबरोबर निघून आला, आणि वेताळच्या खांद्यावर पांढरा चट्टा उरला. ते रागावले नाहीत. अंक उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि पेटीत परत ठेवून निघून गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून हे नीट ऐका. जुन्या अंकाला चिठ्ठी, सेलोटेप, स्टेपलर काहीही लावायचं नाही. पारदर्शक पिशवीत घालायचा, मागे कडक पुठ्ठा, किंमत पिशवीवर. तो कागद हलक्या प्रतीचा, लाकडाच्या लगद्याचा असतो. उजेड आणि हवा लागली की पिवळा पडून कडेने तुटायला लागतो. पिना गंजतात आणि गंज पानात उतरतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा काचेच्या शोकेसमध्ये उन्हाच्या बाजूला कॉमिक्स ठेवलं तर काही आठवड्यांत लाल रंग उडतो. पान दाखवायचं तर वरच्या कोपऱ्याला धरून, तळहातावर अंक ठेवून. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी त्याच्यातले दोष आपणच सांगायचे : "मधलं पान सुटलंय, मागे नाव लिहिलंय." आधी सांगितलेला दोष कुणी भांडणाला आणत नाही.

उभ्या उभ्या वाचणाऱ्या पोरांचा प्रश्न प्रत्येक दुकानात असतो. काही मालक हाकलतात. माझं ठाम मत आहे की वाचू द्यावं. आम्ही कोपऱ्यात एक स्टूल आणि वाचून मऊ झालेल्या वीसेक प्रतींचं एक खोकं ठेवलं होतं. नव्या मालाला हात लावायचा नाही, खोक्यातलं कितीही वाचा. नियम एकच, हात पुसून. पार्क चौकातून भेळ खाऊन पोरं थेट यायची, त्यामुळे मी एक ओलं फडकं कायम दोरीला टांगून ठेवायची. त्या स्टुलावर बसणाऱ्यांतले किती तरी पुढे स्वतःच्या पैशाने घ्यायला आले.

फोटो काढून ऑनलाइन किंमत बघणारेही येतील. त्यांच्याशी तोंड वाकडं करू नका. तिथे स्वस्त असेल तर तसं कबूल करा, आणि आपल्याकडे काय आहे ते सांगा : पान उलटून बघता येतं, फाटकं निघालं तर लगेच बदलून मिळतं. रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या मांगाच्या नकली प्रती मात्र ओळखायला शिका. काळा रंग करडा उतरलेला, बारीक अक्षरं फुटलेली, आतल्या बाजूची चित्रं शिवणीत गेलेली. कुणी अशी प्रत घेऊन पुढचा भाग मागायला आला तर त्याला हिणवू नका. पुढचा भाग अस्सल देऊन दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, फरक त्याचा त्यालाच दिसतो.

गर्दीचे दिवस म्हणजे जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, मग मेची सुट्टी आणि दिवाळी. गड्ड्याला खेड्यापाड्यांतून आलेली घरंच्या घरं दुकानात शिरतात, तेव्हा प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलता येत नाही. मी दारातच लहानांसाठीचा गठ्ठा मांडून ठेवायची आणि सुटे पैसे सकाळीच मोजून. जूनमध्ये शाळेच्या वह्यांपुढे कॉमिक्सकडे कुणी फिरकत नाही. भिंत झाडून घ्यायला तो महिना चांगला.

आणि मागणीची वही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून माल मागवायचा, तर काय मागवायचं हे ती वही सांगते. नाव, फोन, हवं ते, आणि ते ज्या शब्दांत मागितलं ते शब्द जसेच्या तसे. माझ्या दुसऱ्या वर्षी एक आजोबा आले, मिलमध्ये आयुष्य गेलेले. त्यांना वेताळचा एक अंक हवा होता, मराठीतला. नाव आठवत नव्हतं, नंबर नव्हता. त्यांच्या धाकट्या भावाने तो आणला होता, दोघांनी मिळून वाचला होता, आणि भाऊ आता नव्हता. मी विचारत गेले : कव्हरवर कोण होतं, पाणी होतं का, रात्र होती का. दोन्ही पेट्या आम्ही मिळून पालथ्या घातल्या, ते प्रत्येक कव्हरला मान हलवत होते. शेवटी मी वहीत लिहिलं, "वेताळ, मराठी. पांढरा घोडा, नदी, पलीकडे पेटलेली झोपडी." ते म्हणाले, "झोपडी नाही पोरी, होडी. होडी पेटलेली." मी खोडून दुरुस्त केलं.

जुन्या अंकांचा गठ्ठा दुकानात आला की काका अजून ती ओळ काढून बघतात, आणि मला फोन करून सांगतात. परवा आला होता, सत्तर अंकांचा. त्यात नव्हता.