बागप्रेमी शेजारी शोधताय? या चुका टाळा

श्रावणात प्रत्येकालाच बागेची आवड असते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकला की संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन गच्चीवर कोण चढतं, इमारतीची बाग त्याच माणसांवर टिकते. आठ-दहा फ्लॅटची इमारत मिळून घेणारे किंवा रिकाम्या फ्लॅटसाठी बागवेडं कुटुंब शोधणारे बहुतेक वेळा ही माणसं ओळखण्यातच फसतात.

"बागेची आवड आहे का?" हा प्रश्न

याला नाही कोण म्हणणार? त्याऐवजी विचारा: गेल्या मे महिन्यात कुंड्या किती होत्या आणि जूनमध्ये किती उरल्या? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), लग्नसराईत गावी गेलात तेव्हा पाणी कोणी घातलं? निम्मी झाडं जळाली आणि ती का जळाली हे ज्याला सांगता येतं, तो "आमचं एकही रोप मरत नाही" म्हणणाऱ्यापेक्षा भरवशाचा. शोध मार्च ते मे या काळात घ्या आणि जमल्यास त्यांची बाल्कनी दुपारी चारला बघा. भाडेकरू म्हणून कोणाला आधीच वगळू नका. आणि बागेच्या नावाखाली आडनावं चाळायची असतील, तर हा उद्योग न केलेला बरा.

पाण्याचा हिशोब न सांगता होकार घेणं

१२ इंची ग्रो बॅगेला (रोप लावायच्या पिशवीला) मे महिन्यात रोज दोन-अडीच लिटर पाणी लागतं. ४० बॅगा म्हणजे रोजचे ८० ते १०० लिटर. नळाला रोज पाणी येत नसेल तर ते बोअरमधून उपसायचं, म्हणजे विजेचं बिलही वाटून घ्यायचं. हा आकडा पहिल्याच बैठकीत मांडा. लॉन हवं म्हणणारा एक तरी निघतोच. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज पाच-सहा लिटर लागतात. १०० चौरस फुटांच्या हिरवळीच्या पाण्यात २० बॅगा भाजी निघेल, एवढं सांगितलं की बहुतेक जण आपणच माघार घेतात.

वरच्या मजल्यावाल्याला शेवटी विचारणं

गळती त्याच्याच छताला लागणार, म्हणून पहिला होकार त्याचा घ्या. कुंड्या ठेवण्याआधी गच्चीचे पाइप बुजवून दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि त्याच्यासोबत खालून छत तपासा. ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग, मग बाग. हे न करता बाग मांडली, की पुढे जुनी गळतीही बागेच्याच माथी बसते.

दुसरा धोका उत्साही शेतकरी-शेजाऱ्याचा. "शेतातून ट्रॉलीभर काळी माती आणतो" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण नको म्हणा. इमारतीवर किती भार धरायचा हे सांगणाऱ्या आयएस ८७५ या भारतीय संहितेत लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर त्याच जागेत ५०० किलोंच्या आसपास जातो. शिवाय काळी माती सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी मुळांना न भिजवता थेट स्लॅबवर येतं. माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घ्या. बॅगा विटांवर, खाली बीम असेल त्या रेषेत ठेवा. बीम कुठे आहेत ते इंजिनिअरकडून समजून घ्या.

गच्ची सामाईक आहे की कोणाच्या नावावर, हे इमारतीच्या डिक्लरेशनमध्ये (अपार्टमेंटच्या घोषणापत्रात) आणि खरेदीखतात बघा. तोंडी परवानगी शेजारी बदलला की संपते. सभेचा ठराव लेखी ठेवा.

वाळवणाच्या जागेवर कुंड्या

फाल्गुनापासून गच्चीवर बिबड्या, कुरडया, पापड पसरतात. ती जागा कुंड्यांनी अडवली किंवा पाणी वाहत खाटेखाली गेलं, की भांडण पक्कं. गच्चीचा निदान निम्मा, भरपूर उन्हाचा भाग वाळवणासाठी आधी आखून सोडा. खरं तर भर उन्हाळ्यात रोज गच्चीवर चढतात त्या वाळवण घालणाऱ्या बायकाच. पाणी घालणारे हात हवेत तर आधी त्यांना बोलवा. या बैठकीला फक्त घरातले पुरुष बोलावणं ही मोठी चूक.

गट थंडावला तर

दिवाळीनंतर पाळ्या चुकू लागल्या, तर बहुतेकदा एकाच माणसावर सगळं पडलेलं असतं. दोन-दोन घरांची जोडी करा, जोडीला आठवडा द्या, पंपाची किल्ली दोन घरी ठेवा. तरी पाणी चुकत असेल तर बॅगा निम्म्या करा किंवा टायमर लावून ठिबक टाका. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करणं मात्र कोणाच्याही पाळीवर सोडू नका, वार ठरवा; डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

तोडणीचा वादही आधीच मिटवा: ज्याची पाळी, त्याची त्या आठवड्याची भाजी. भरीताच्या वांग्याला १५ इंची बॅग लागते आणि झाडावर एका वेळी मोठी वांगी दोन-तीनच धरतात. म्हणून हिवाळ्यातल्या भरीत पार्टीची वांगी सरळ बाजारातून आणा, गच्चीवरची कोथिंबीर, कांद्याची पात आणि मिरची पुरे.