पणजोबा पलटणीत होते? सातारा-सांगलीतून माग काढायचा तो असा

सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत ‘आमचा पणजा जर्मनच्या लढाईत होता, बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही’ एवढी एक ओळ पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असते. तिच्यामागचा माणूस कागदावर सापडू शकतो. मात्र पैसे भरून वंशावळ शोधून देणाऱ्या परदेशी संकेतस्थळांपासून सुरुवात करू नका. ती चालतात विलायतेतल्या घरोघरच्या जनगणनेच्या याद्यांवर आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांवर. आपल्याकडे जनगणनेचे आकडे छापले गेले, घरोघरच्या चिठ्ठ्या जपल्या गेल्या नाहीत. लंडनच्या इंडिया ऑफिस दप्तरात गोऱ्या अफसरांच्या फायली भरपूर आहेत, साध्या शिपायाची मिळणं दुर्मीळ. म्हणून शोध गावातून वर न्यायचा.

पहिल्यांदा घरची पेटी उघडा. पहिल्या महायुद्धाची दोन पदकं सर्रास सापडतात: एक चांदीचं, गोल, आणि दुसरं पितळेसारखं दिसणारं, पंख पसरलेल्या देवीचं. खच्चरवाले, डोलीवाले अशा बिनलढाऊ लोकांपैकी अनेकांना पहिलं पदक चांदीऐवजी ब्रॉंझचं मिळालं, तेव्हा ते नकली समजू नका. खरी माहिती पदकाच्या काठावर असते. तिथं बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चिंच किंवा पितांबरी लावून घासलंत तर आधी तीच अक्षरं जातात. खोलीत अंधार करून टॉर्च आडवा धरा, पदक हळूहळू फिरवत मोबाइलने जवळून फोटो घ्या. तरी लागलं नाही तर काठावर पातळ कागद गुंडाळून वरून शिसपेन्सिल फिरवा. क्रमांक एकटा उतरवून घेऊ नका. तेव्हा प्रत्येक पलटणीचे क्रमांक वेगळे असत, त्यामुळे पलटण नसेल तर क्रमांक कुचकामी.

पलटणीची नावं पुढे बदलली, इथे पुष्कळ गोंधळ होतो. 1922 मध्ये जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. 103 ची पहिली बटालियन झाली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी आणि 114 ची दहावी म्हणजे प्रशिक्षणाची. पदकावर 110 आणि घरच्या जुन्या पत्रावर ‘तिसरी बटालियन’ असेल तर तो एकच माणूस असू शकतो. आणि मराठा म्हणजे मराठा पलटणच असंही नाही. खडकीच्या सॅपर्स-मायनर्समध्ये (पूल, खंदक, सुरुंगांचं काम करणारी पलटण) आणि पायोनियरांतही (रस्ते बांधणाऱ्या पलटणी) आपल्याकडची माणसं होती. महार घराण्यांनी 111 महार ही पलटण शोधावी, ती 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट 1941 ची.

आता गावचं दप्तर. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, असतं. जन्म-मृत्यूच्या या नोंदी बऱ्याच गावांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून मिळतात, जुन्या मोडीत असतात. अर्ज मोघम करू नका. ‘आमच्या पूर्वजांची नोंद मिळावी’ असं लिहिलंत तर अर्ज पडून राहतो. गाव, नमुना आणि पाच वर्षांची मुदत लिहा, उदाहरणार्थ 1890 ते 1895. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, नुसतं ‘मुलगा’ आणि पुढे बापाचं नाव. म्हणून शोधायचं ते बापाच्या नावाने. मोडीत ‘राणू बिन येसू’ म्हणजे येसूचा मुलगा राणू, ‘कोम’ आलं की बायको. आडनाव गाळलेलं किंवा त्या जागी ‘पाटील’ लिहिलेलं सापडेल. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण मूळ पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा.

परमुलखात मेलेल्याची मृत्यूनोंद गावच्या कोतवाल बुकात शोधून डोळे शिणवू नका, गावात घडलेला मृत्यूच तिथं येतो. 1918 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानं मात्र ‘ताप’ या एका शब्दाने भरलेली दिसतील. ती इन्फ्लुएंझाची साथ. त्या यादीत आपल्या माणसाचं नाव भेटलं तर तो लढाईत गेला ही घरातली गोष्ट पुन्हा तपासायला हवी. लढाईत गेलेल्याचा पत्ता वारसाच्या फेरफारात लागतो, कारण जमीन बायको-मुलांच्या नावावर चढते. जिथे स्कॅनिंग झालंय तिथले जुने फेरफार महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ वर दिसतात, बाकीचे तहसीलला. जोडीला प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघा, त्यात मुलाचं नाव, बाप आणि जन्मतारीख एका ओळीत मिळते. जन्मतारीख मात्र अंदाजाचीच.

हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवून गावोगाव सांगत फिरणारे, अजून गावात येत असतील तर त्यांना बसवून ऐका. त्यांच्या वह्यांत पिढ्यांचा क्रम चांगला असतो, सालं कच्ची. पंढरपूर-नाशिकच्या उपाध्यांच्या वह्यांचंही तसंच.

एवढं हातात आलं की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि याद्या सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर जा. शोध फुकट आहे. पहिल्या युद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि दुसऱ्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सेवेमुळे मेलेल्यांचीच नावं तिथं आहेत. जिवंत परतलेला पणजा तिथं मिळणार नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. नावाने शोधू नका. अधिक माहितीच्या रकान्यात इंग्रजी स्पेलिंगने ‘सातारा’ टाका, सैन्य भारतीय निवडा, आलेली यादी एक्सेलमध्ये उतरवा आणि गावानुसार लावा. त्या रकान्यात बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं असतं, सगळ्यांचं नाही. नावाने का नको? इंग्रज कारकुनाने शिंदेचा ‘सिंदे’, जाधवचा ‘जाधाओ’, चव्हाणचा ‘चावन’, ज्ञानूचा ‘ग्यानू’ करून ठेवलाय. गावांचंही तेच, खटावचं ‘खटाओ’ होतं.

सांगलीकरांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं: वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती, आटपाडी औंध संस्थानात. या गावांसाठी संस्थानाचं नाव टाकून वेगळा शोध करा.

स्मारकांच्या नावांवरूनही अंदाज येतो. बसरा म्हणजे मेसोपोटेमिया (आजचा इराक), नव शॅपेल म्हणजे फ्रान्स, खडकीचं स्मारक म्हणजे बहुधा भारतातच मृत्यू. बसऱ्याच्या भिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटणीपुढे नुसता आकडा होता; नावं यादीत आहेत. गावच्या संगमरवरी पाटीचंही बऱ्याचदा तसंच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जण पहिल्या युद्धात कामी आले, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कोणत्या घरातले ते आकड्यावरून कळत नाही.

आता जुळवणी. बापाचं नाव, गाव आणि पलटण या तिन्हींत मेळ बसल्याशिवाय माणूस आपला म्हणू नका. एका गावात तीन ‘रामा जाधव’ निघतात, त्यांतले दोन चुलत भाऊ असतात. बापाचं नाव जुळतं पण गाव शेजारचं, असं झालं तर आजोळ तपासा. वय जुळत नसेल तर फार मनावर घेऊ नका, भरतीच्या वेळी वय नजरेनेच ठरे.

जिवंत परतलेल्यांसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. क्रमांक, पलटण, नाव, गाव आणि तुमचं नातं कळवा, पदकाच्या काठाचा फोटो जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी, पेन्शन चालू राहिलेल्या घराण्यांना तिथं उपयोग होतो. पंजाबच्या सुमारे 3,20,000 शिपायांच्या याद्या ऑनलाइन आल्यात म्हणून त्यात आपला माणूस धुंडाळू नका, त्या फक्त पंजाबच्या आहेत.

पलटण पक्की झाली की तिची युद्धरोजनिशी वाचता येते. लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती डब्ल्यूओ 95 या मालिकेत आहे. शिपायाचं नाव तिथं क्वचितच येतं, पण मृत्यूच्या तारखेला पलटण कुठे होती ते कळतं. 103, 110 किंवा 117 आणि तारीख डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 मधली असेल तर तो बहुधा मेसोपोटेमियातल्या कूटला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होता. 29 एप्रिल 1916 ला तिथली फौज शरण गेली, त्यानंतरची तारीख असेल तर युद्धकैदी म्हणून मेल्याची शक्यता तपासा.