मंगल कार्यालयाच्या सभागृहाची आखणी कशी करावी

मंगल कार्यालय बांधताना मालक बहुधा झुंबर आणि दर्शनी कमान आधी ठरवतात. आखणीची सुरुवात मात्र अंतरपाटापासून करावी. वधूवर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे राहतात, म्हणून प्लॉट परवानगी देत असेल तर सभागृहाची लांबी दक्षिणोत्तर ठेवून व्यासपीठ उत्तर किंवा दक्षिण टोकाला घ्यावे, म्हणजे अंतरपाट दूर होताना दोघेही पाहुण्यांना बाजूने दिसतात. व्यासपीठ पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या टोकाला असेल, तर एकाची पाठ सभागृहाकडे येते आणि छायाचित्रकार दिशाच बदलायला लावतो.

दोन्ही मामा, करवल्या, गुरुजी आणि होमाची जागा धरता व्यासपीठाची खोली ५ मीटरपेक्षा कमी नसावी. उंची ६० सेंटिमीटर पुरते. पण १:१२ उताराच्या रॅम्पला तेवढ्या उंचीसाठी ७.२ मीटर लांबी लागते, त्यामुळे तो नकाशातच दाखवावा, कारण नंतर त्याला जागा सापडत नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे ध्वनी. मंगलाष्टकांचे शब्द कळत नाहीत, याचा दोष आपण ध्वनिक्षेपकाला देतो. खरा दोष ग्रॅनाइट, काच आणि पीओपीच्या कठीण पृष्ठभागांचा असतो. ३० × १८ मीटर लांबी-रुंदीचे, ६ मीटर उंच सभागृह घेऊ. त्याचे घनफळ ३,२४० घनमीटर भरते. घनफळाला ०.१६ ने गुणून एकूण ध्वनिशोषणाने (म्हणजे सगळे पृष्ठभाग आणि माणसे मिळून किती आवाज शोषतात, त्याच्या चौरस मीटरमधल्या मापाने) भागले, की निनाद, म्हणजे आवाजाचे घुमणे, किती सेकंद टिकतो ते कळते. सगळे पृष्ठभाग कठीण असतील, तर ४०० पाहुणे बसलेले असतानाही हा काळ सव्वादोन सेकंदांच्या आसपास राहतो. छताच्या निम्म्या भागाला चांगल्या प्रतीच्या ध्वनिशोषक टाइल्स लावल्या, तर तो साधारण सव्वा सेकंदावर येतो आणि शब्द सुटे ऐकू येतात. हा खर्च झुंबरापेक्षा अधिक सार्थकी लागतो, असे माझे मत आहे.

फरशी मॅट फिनिशची घ्यावी. गुळगुळीत फरशीवर सांडलेल्या अक्षतांवरून पाय सटकतो, आणि अक्षता तर सभागृहभर उडतात. होमाच्या जागेवर धूर बाहेर ओढणारा स्वतंत्र एक्झॉस्ट पंखा हवा. वातानुकूलन यंत्र धूर बाहेर टाकत नाही, बहुतांशी तीच हवा फिरवत राहते. व्यासपीठावरील प्रकाश उबदार आणि समोरून तिरपा असावा, कारण केवळ डोक्यावरच्या दिव्यांनी मुंडावळ्यांची सावली चेहऱ्यावर पडते. बाहेर पडण्याचे दरवाजे एकमेकांपासून दूर व बाहेरच्या दिशेने उघडणारे असावेत, आणि सजावटीच्या पडद्यांनी ते कधीही झाकू नयेत.

भोजनगृह स्वयंपाकघराच्याच मजल्यावर ठेवावे, आणि पंगतीच्या दोन रांगांमध्ये वाढपी परस्परांना ओलांडू शकतील इतकी, म्हणजे सुमारे सव्वा मीटर वाट सोडावी.