पहिली सेकंडहॅन्ड कन्व्हर्टिबल स्पोर्ट्स कार घेताय? या चुका टाळा

सेकंडहॅन्ड कन्व्हर्टिबल बघायला जाताना सोबत काय घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी एक लिटर पाण्याची बाटली सांगतो, मग टॉर्च, आणि इंजिनातलं कळणारा माणूस तिसऱ्या नंबरावर. आपल्या मुंबई-पुणे-कोल्हापूर पट्ट्यात उघड्या टपाची गाडी इंजिनापेक्षा पाण्याने आणि कागदांनी जास्त मरते, आणि पहिल्यांदा घेणारा माणूस नेमक्या या दोनच गोष्टी बघत नाही, तो आवाज ऐकतो, रंग बघतो, किलोमीटर बघतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. मीही पहिली गाडी अशीच घेतली होती.

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते सांगतो. पोर्शे बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके, जॅग्वार एफ-टाइप, आणि खिसा मोठा असेल तर फेरारी कॅलिफोर्निया किंवा लॅम्बोर्गिनी गॅलार्डो स्पायडर. नवीन असताना कोटीच्या आसपास किंवा त्याहून कितीतरी वर गेलेली गाडी दहा-बारा वर्षांनी चांगल्या एसयूव्हीच्या भावात दिसते आणि तिथेच माणूस फसतो.

पाण्याची टेस्ट न करणं

टपावर पडलेलं पाणी कुठे जातं हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही. ते टपाच्या मागच्या खोबणीत जमा होतं आणि तिथून दोन्ही बाजूंच्या बारीक नळ्यांमधून खाली चाकाजवळ बाहेर पडतं. या नळ्या म्हणजे ड्रेन. गाडी झाडाखाली लावलेली असली की पानं, धूळ, चिखल मिळून त्यात बूच बसतं, आणि सगळ्यात वाईट झाड कुठलं तर गुलमोहर, त्याची ती बारीक पानं बरोब्बर ड्रेनच्या तोंडात जाऊन बसतात.

माझी गाडी जूनमध्ये दोन दिवस उघड्यावर उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कुबट वास आला, सीटमागच्या कार्पेटवर हात दाबला तर ओला स्पंज दाबावा तसं बोटांमधून पाणी वर आलं, आणि चावी फिरवली तर गाडीने चावी ओळखायलाच नकार दिला. गाडीत पाण्याचा एक थेंबही वरून गळला नव्हता, टप एकदम धड होतं, सगळं पाणी तुंबलेल्या ड्रेनमुळे बाजूने आत उतरलं होतं. माझा दुसरा पावसाळा होता तो, म्हणजे वर्षभर मी त्या ड्रेनकडे एकदाही बघितलं नव्हतं.

हे फक्त माझ्या गाडीचं नाही. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये, म्हणजे १९९६ ते २००४ च्या, चावी आणि लॉकिंग सांभाळणारा मॉड्यूल सीटखाली जमिनीलगत असतो, तो बुडाला की गाडी चालूच होत नाही. २००३ ते २००८ च्या झेड४ मध्ये रूफची हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, मोटर मागच्या कोपऱ्यात अशा खळग्यात बसवलीय की ड्रेन तुंबला की पहिली तीच पाण्यात जाते, आणि ती काढायची म्हणजे जवळजवळ सगळं टप सोडवावं लागतं.

तर करायचं काय? रूफ अर्धं उघडून थांबवा, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत टॉर्च मारा, ड्रेनचं तोंड शोधा आणि बाटलीतलं पाणी हळूहळू ओता. पाच-दहा सेकंदांत मागच्या चाकापुढे धार दिसायला पाहिजे. पाणी वरच साचून राहिलं किंवा कुठे गेलं तेच कळेना, तर तिथेच थांबा. मग सीट पुढे घेऊन मागचं कार्पेट दाबून बघा, नाक खाली नेऊन वास घ्या. गाडीत परफ्यूमचा जोरदार वास मारत असेल तर मी जरा जास्तच वेळ कार्पेटपाशी घालवतो.

आणि विकणारा पाणी ओतू देत नसेल तर गाडी सोडून द्या, यात भिडस्तपणा कामाचा नाही.

ड्रेन तुंबलेला पण आत पाणी गेलं नसेल तर घाबरू नका, गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी हळूच आत सरकवली की बहुतेक वेळा मोकळा होतो. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, आतली नळी सांध्यातून निसटते आणि मग पाणी सरळ केबिनमध्ये.

पाण्यावरून आठवलं, पुरात बुडालेली गाडी. २००५ चा २६ जुलै, २०१५ चं चेन्नई, २०१८ चं केरळ, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या लिलावातून साफसूफ होऊन दुसऱ्या राज्यात विकायला निघतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, ती धुवायचं लक्षात राहत नाही कोणाच्या. सीट ज्यावर सरकते त्या रेलवरचे बोल्ट आणि डॅशखालचे मेटलचे ब्रॅकेट गंजलेत का तेही बघा.

रूफ एकदाच उघडून बघणं

शोरूममध्ये बटण दाबलं, रूफ उघडलं, सगळे खूश. एकदा उघडणं म्हणजे काहीच नाही. इंजिन चालू ठेवून निदान चार वेळा उघडझाप करा, दोनदा गाडी थंड असताना आणि दोनदा अर्धा तास चालवून आणल्यावर, कारण हायड्रॉलिकची गळती गरम झाल्यावर दिसते. २००५ ते २०१२ च्या बॉक्स्टरचं टप साधारण १२ सेकंदात उघडतं, त्यानंतरच्या पिढीचं ९ सेकंदात, मध्ये अडखळलं, एक बाजू आधी आणि दुसरी मागून आली, कटकट आवाज आला तर समजा की लिंक किंवा केबल गेलीय.

दाराचं हँडल ओढल्यावर काच सेंटिमीटरभर खाली यायला पाहिजे आणि दार लावल्यावर परत वर जाऊन रबरात घट्ट बसायला पाहिजे. फ्रेम नसलेल्या काचेचं हे कामच आहे. काच जागची हलली नाही तर स्विच किंवा रेग्युलेटर गेलेला असतो, आणि तोच स्विच खराब असला की काही गाड्यांत रूफसुद्धा हलत नाही, मग विकणारा सांगतो की "बॅटरी डाऊन आहे साहेब". बॅटरी डाऊन असेल तर चार्जर लावा म्हणायचं आणि तासाभराने परत बघायचं.

कापडी टप असेल तर घड्या पडतात तिथे टॉर्च आतून मारा, बाहेरून प्रकाशाचे टिपके दिसले तर कापड गेलंय. पत्र्याच्या घडीचं रूफ असेल, एसएलके किंवा २००९ ते २०१६ च्या झेड४ सारखं, तर रूफ उघडल्यावर डिकीत काय मावतं तेही बघून घ्या.

कमी किलोमीटरच्या मागे लागणं

"बारा वर्षांत फक्त नऊ हजार चाललीय" हे ऐकून माणूस पाघळतो. मी उलट सावध होतो. उभ्या गाडीची रबरं सुकतात, सील गळतात, टायर दगड होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसू दे, सहा-सात वर्षांपुढचे टायर या ताकदीच्या गाडीवर ठेवायचे नाहीत, ते बदलायचे पैसे सरळ किमतीतून कापून मागा.

किलोमीटर खरे आहेत का हे बघायची एक छान सोय पोर्शेमध्ये आहे. इंजिनचा कॉम्प्युटर किती तास इंजिन चाललं ते साठवून ठेवतो, स्कॅनर लावला की आकडा मिळतो. मीटरवर १८,००० किलोमीटर आणि इंजिन १,८०० तास चाललेलं, म्हणजे ताशी सरासरी १० किलोमीटर. स्पोर्ट्स कार इतकी हळू कोण चालवतो? एक तर गाडी आयुष्यभर ट्रॅफिकमध्ये उभी राहून तापलीय नाहीतर मीटर मागे फिरवलाय. त्याच रिपोर्टमध्ये इंजिन लाल रेषेच्या पुढे किती वेळा गेलं तेही येतं.

इंजिन आणि क्लच "नंतर बघू" म्हणणं

२००८ पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये आयएमएस नावाचं एक बेअरिंग असतं, ते तुटलं की इंजिनच जातं. सगळ्यांचं तुटत नाही, पण बदललंय का आणि त्याचं बिल आहे का हे विचारायलाच पाहिजे. २००६ च्या आसपासपासून ते बेअरिंग आकाराने मोठं आणि जास्त दणकट आलं, पण इंजिन उघडल्याशिवाय ते बाहेर काढता येत नाही. २००९ पासून नवीन इंजिनात हा प्रकारच नाही, त्यामुळे बजेट थोडं ताणता येत असेल तर मी २००९ नंतरचीच घ्या म्हणेन. बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन तोंडांमागे असतात, तिथे पानं आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकून कुजतात, टॉर्च मारून नक्की बघा.

गॅलार्डोचा ई-गिअर किंवा फेरारी एफ४३० चा एफ१ गिअरबॉक्स, यांत क्लच पेडल नसतं म्हणून लोक ऑटोमॅटिक समजून चालवतात, पण आत एकच साधा क्लच असतो आणि बांद्रा-वरळीच्या ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने पुढे सरकताना तो जळतो. किती टक्के झिजलाय हा आकडा स्कॅनर सांगतो. तो आकडा लेखी घेतल्याशिवाय किमतीवर बोलूच नका.

अपघात तपासायला लोहचुंबक नेऊ नका, गॅलार्डोची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, चुंबक कुठेच चिकटणार नाही. पेंटची जाडी मोजणारं मीटर न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो, एका दारावर १३० आणि शेजारच्यावर ४०० आला की तिथे काम झालंय.

कागद एजंटवर सोडणं

इथे सगळ्यात जास्त माणसं रडतात म्हणून जरा सविस्तर.

स्वस्त कन्व्हर्टिबल बहुतेक वेळा दिल्लीची असते. दिल्ली-एनसीआरमध्ये पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा घातली गेली, त्यावरून कोर्टात अजून बरंच चाललंय, पण त्या भीतीने १२-१३ वर्षांची झाली की मालक गाडी विकायला काढतात आणि ती पुण्या-मुंबईत "फ्रेश स्टॉक" म्हणून येते. गाडी चांगली असूही शकते. पण एनओसी म्हणजे फॉर्म २८ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि इथला रोड टॅक्स हिशोबात धरा. महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला दर २० टक्के आहे, तो मूळ किमतीवर लागतो आणि गाडीच्या वयानुसार कमी होतो, तुम्ही ४० लाखांना घेतली म्हणून ४० लाखांवर लागेल असं समजू नका. नवीन गाडीसाठी या टॅक्सची कमाल मर्यादा २०२५ च्या बजेटमध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. पुद्दुचेरीच्या नंबरवरच चालवा, कोणी पकडत नाही, हे सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, दुसऱ्या राज्याच्या नंबरवर १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर इथे नोंदणी करणं बंधनकारक आहे.

गाडी भारतात कशी आली तेही बघा. डीलरने विकलेली असेल तर पहिलं इनव्हॉइस मागा. कोणी बाहेरून आणलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री मागा आणि त्यातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः अक्षर न् अक्षर जुळवा. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती बनल्यापासून ३ वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने ऑपरेशन नुमखोर नावाने छापे टाकले, भूतानमार्गे आणून खोट्या कागदांवर रजिस्टर केलेल्या महागड्या गाड्यांवर. अशी गाडी तुमच्या दारातून उचलून नेली तर शेवटच्या मालकाचे पैसे अडकतात, म्हणजे तुमचे.

पोर्शेच्या १७ खुणांच्या चासी नंबरातलं दहावं अक्षर मॉडेल इयर सांगतं, ७ म्हणजे २००७, ए म्हणजे २०१०, सी म्हणजे २०१२. आरसीवरच्या सालाशी वर्षापेक्षा जास्त फरक असेल तर विचारा. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचं पत्र, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ई-चलनं शून्य, आणि जुन्या इन्शुरन्सचा क्लेम रेकॉर्ड. हा शेवटचा कागद कोणी मागत नाही आणि मोठा अपघात तिथेच सापडतो.

सगळे पैसे गाडीतच घालणं

गाडी ४० लाखांची झाली म्हणून तिचा बंपर ४० लाखांच्या गाडीचा होत नाही, पार्ट नव्या गाडीच्याच भावाने येतात. माझा साधा हिशोब, बजेटचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यातच गाडी शोधायची. पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, सगळी ऑइल, ब्रेक, इन्शुरन्स, ट्रान्सफर यात तो जातोच. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, पंधरा वर्षं जुन्या गाडीचे फ्युएल पाइप त्यासाठी बनलेले नाहीत, तेही पहिल्या सर्व्हिसमध्येच बघून घ्या. टोकन देताना पावतीवर "इन्स्पेक्शन पास झालं नाही तर पूर्ण परत" हे वाक्य लिहून घ्या, लिहून द्यायला तयार नसेल तर टोकनच देऊ नका.

आणि टेस्ट ड्राइव्ह हायवेवर संपवू नका. हायवेवर सगळ्याच छान चालतात. गाडी तुमच्या गल्लीत आणा, रूफ उघडून खराब रस्त्यावर तीसच्या स्पीडने चालवा, मधला आरसा किती थरथरतो बघा, स्टिअरिंग हातात हलतंय का बघा. मग सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर, आणि शेवटी बेसमेंटचा रॅम्प. आमच्या इथल्या एकाने गाडी घेतली, सगळं तपासून घेतली, आणि पहिल्याच रात्री रॅम्पच्या तोंडाशी पुढचा बंपर टेकला, रोज तिरकी घालून उतरवायला एक माणूस खाली उभा करावा लागायचा. चार महिने त्याने ती भावाच्या बंगल्यात लावली आणि पाचव्या महिन्यात विकली. टेपने रॅम्पचा उतार मोजत बसू नका, तीच गाडी विकणाऱ्याला शेजारी बसवून एकदा खाली उतरवा आणि वर चढवा.