वेस ओलांडली की नाही, हे कसं तपासायचं

उंदराच्या मांडीतली सायटिक नस चिमटली, तर संवेदी तंतू दिवसाला काही मिलिमीटरच्या चालीनं पायाकडे पुन्हा वाढतात. त्याच पेशीची दुसरी शाखा पाठीकडच्या मुळातून मज्जारज्जूत जाते. ती चिमटली तर तंतू मुळातून वर येतो आणि रज्जूच्या वेशीवर अडतो. वेशीच्या अलीकडे नसांच्या तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी, पलीकडे अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे मेंदू-रज्जूतल्या आधारपेशी. औषध दिल्यावर तंतू पलीकडे गेला का, एवढंच तर बघायचं असतं. पण फसायला होतं ते इथेच.

माझ्या पहिल्या बॅचमध्ये मी फक्त एल-५ चं, म्हणजे कमरेच्या पाचव्या खंडाचं, मूळ बारीक चिमट्यानं दहा-दहा सेकंद तीनदा दाबलं होतं. सीजीआरपी या तंतूंतल्या प्रथिनाच्या रंगात वेशीपलीकडे तंतूच तंतू! रात्री साडेदहाला मी सरांना फोटो पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं: "शेजारची मुळं चिमटलीस का?"

नव्हती चिमटली. शेजारच्या मुळाचे तंतू रज्जूत शिरले की वर-खाली एक-दोन खंड पसरतात. मी त्यांचेच फोटो काढत बसले होते.

तेव्हा आजूबाजूची मुळंही चिमटा. सायटिक नशीत कॉलरा टॉक्सिन-बी (तंतूंतून वाहत जाऊन त्यांची वाट दाखवणारा पदार्थ) टोचणार असाल, तर त्या नशीची सगळीच मुळं चिमटायला हवीत. हा रंग जाड, मायलिनचं (चरबीयुक्त) वेष्टण असलेले तंतू दाखवतो, सीजीआरपी वेदनेचे बारीक; एकावर भागवू नका. मेंदूच्या बुडातलं ग्रॅसाइल केंद्रकही कापून बघा. चिमटल्यावर थोड्याच दिवसांत तिथे रंग पोचलेला दिसला, तर तुमच्या चिमट्यातून तंतू सुटलेत, ते उगवलेले नाहीत. काही उंदीर याच तपासणीसाठी राखून ठेवा. सुटलेला तंतू बहुधा सरळ धावतो, नवा वेडावाकडा, मध्येच मागे वळणारा.

वेस आखताना फक्त जीएफएपीचा (अ‍ॅस्ट्रोसाइट दाखवणाऱ्या रंगाचा) चॅनल उघडा, तंतूंचा बंद ठेवा. नाहीतर हात आपोआप रेघ सोयीची ओढतो. ती सरळ नसतेच. अ‍ॅस्ट्रोसाइटचे बोटांसारखे फाटे मुळात घुसलेले असतात. सगळ्यात बाहेरचं टोक धरा, तिथून आत १०० मायक्रॉनवर, २०० मायक्रॉनवर तंतू मोजा.

औषध दिलेला उंदीर कुठला, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. माझ्या स्लाइडींवरचे नंबर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण झाकून देते, मी तिच्या झाकते.